अकबराची ढाबळ

गच्चीवर पांढऱ्या लक्का कबुतरांची जोडी आणली, तेव्हा अम्मीने कपाळाला हात लावला. 'कबूतरबाज' हा शब्द आमच्या मोहल्ल्यात शिवीसारखाच वापरतात. हनफी फिकहच्या 'हिदाया' ग्रंथात तर पक्ष्यांच्या खेळात रमणाऱ्याची साक्षही ग्राह्य धरलेली नाही. एक तर तो गाफील होतो, आणि गच्चीवर चढून शेजाऱ्यांच्या बायकांकडे नजर टाकतो! सोबतीसाठी घरात कबुतरे ठेवणाऱ्याला मात्र भाष्यकारांनी यातून वगळले आहे. अम्मीला हेच सांगितले. ती काही बोलली नाही.

चौथ्याच दिवशी मी घाईने जाळी उघडली. नर उडाला तो परत आलाच नाही.

मग 'आईन-ए-अकबरी' काढली. त्यात अबुल फजलने कबुतरांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. बादशहाने या छंदाला 'इश्कबाजी' असे नाव दिले होते. लहानपणी अकबराला कबुतरांचे वेड होते. मोठेपणी त्याने ते सोडले आणि पुढे विचारपूर्वक पुन्हा धरले. दरबारात वीस हजारांहून अधिक कबुतरे होती, त्यांपैकी पाचशे खासा. छावणी हलली की ढाबळीही भोयांच्या खांद्यावर निघत. कबुतरे सांभाळणाऱ्यांत बुखाऱ्याचा कुल अली, समरकंदचा मस्ती, हेरातचा मोमीन आहेत, आणि हिरानंदही आहे. मोठमोठ्या सरदारांच्या याद्या असलेल्या ग्रंथात ही नावे जपली गेली, याचे मला अप्रूप वाटते.

हा छंद घराण्यातलाच. बाबराचा बाप उमर शेख मिर्झा 1494 साली अख्सीच्या किल्ल्यात कड्यावरची ढाबळ कोसळून तिच्यासकट खाली गेला आणि मेला. बाराव्या वर्षी बाबर गादीवर बसला तो असा.

पण अकबराचे वेगळेपण जोड्या लावण्यात आहे. पूर्वी कोणतीही कबुतरे एकत्र येत. त्याने रूपाने आणि कसबाने तुल्य असलेलेच नर-मादी एकत्र आणले. अनोळखी जोडी पाच-सहा दिवस एकत्र ठेवायची, मग ताटातूट झाली तरी ती एकमेकांना ओळखते. आठ ते बारा दिवसांनी अंडी, बहुधा दोन. दिवसा नर उबवतो, रात्री मादी. थंडीत एकवीस दिवस लागतात, उष्म्यात सतरा-अठरा. पहिले काही दिवस आईबाप पिल्लांना जे भरवतात ते दाण्याचे पीठ, असे अबुल फजल समजतो. इथे तो थोडा चुकला. ते दोघांच्याही गळ्याखालच्या पिशवीत तयार होणारे दूध असते. आणि पिल्लू बळकट होऊन जागेला सरावल्यावरच त्याला उडू द्यायचे. मी चुकलो ते इथेच.

उडवायची कबुतरे वेगळी, नुसती पाहायची वेगळी, हेही त्यात आहे. मान आणि शेपूट हलवत डौलात चालणारा लक्का दुसऱ्या गटातला. पांढरा लक्का अंगणासाठी उत्तम, पण उडण्यात कच्चा. शिवाय पांढरा रंग शिक्र्याला लांबून दिसतो.

1859 साली 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये डार्विनने अकबराच्या या वीस हजार कबुतरांचा उल्लेख केला. तो स्वतः कबुतरे पाळत होता, लंडनच्या कबूतरबाजांच्या क्लबांतही जात होता. त्याने पांढऱ्या लक्क्याचा काळ्या 'बार्ब' जातीशी संकर केला. त्या पिल्लांची पुन्हा आपसांत जोडी लावली, तर नातवंडांत एक निघाले थेट रानटी पारव्यासारखे निळे, पंखांवर दोन काळे पट्टे असलेले. आपल्या मशिदीच्या मिनारावर घुमतो तोच पारवा या सगळ्या जातींचा मूळपुरुष. ज्याला आपण रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणतो, त्यात इतके बारकाईचे निरीक्षण होते.

मी दुसरा नर आणला. सहा दिवस दोघांना एका पिंजऱ्यात ठेवले, जाळी बंद. दहाव्या दिवशी पहिले अंडे दिसले, एक दिवस सोडून दुसरे. अम्मी वर येऊन काही न बोलता मूठभर ज्वारी टाकून जायची. मला हिशेब लागेना, कोणत्या अंड्यापासून दिवस मोजायचे. तिने भिंतीवर कोळशाने रेघा ओढल्या होत्या. अठराव्या रेघेला फजरनंतर तिनेच मला हाक मारली.