लस वाहणारे दंड

लशींचा इतिहास आपण वाचतो तो बहुधा शोध लावणाऱ्यांचा. मला त्यातली वाहणाऱ्यांची गोष्ट अधिक मोलाची वाटते.

गाईच्या देवीची लस टोचली की माणसाचा देवीपासून बचाव होतो, हे एडवर्ड जेन्नरने १७९६ साली दाखवले. पण ती दूरदेशी न्यायची कशी? दोऱ्यावर वाळवलेली लस उष्णतेने निकामी होई. म्हणून माणसाचा दंडच कुपी झाला. एकाला टोचायचे आणि आठवडाभराने त्याच्या फोडातला द्रव दुसऱ्याला द्यायचा. १८०३ मध्ये डॉ. बाल्मिस स्पेनहून अमेरिकेकडे निघाले, तेव्हा ही साखळी टिकवायला गलबतावर वीसेक अनाथ मुले होती. मुंबईत लस आली ती बगदाद-बसऱ्याच्या वाटेने. १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला ती टोचली गेली आणि तिच्या दंडातून पुढे देशभर गेली.

या मुलांची संमती घेण्याचा प्रश्नच तेव्हा कोणाच्या मनात नव्हता. शिवाय लशीबरोबर उपदंशासारखे रोगही एका दंडातून दुसऱ्यात जात. इंग्लंडने १८९८ साली ही पद्धत कायद्याने बंद केली. वासरांपासून काढलेली, ग्लिसरीनमध्ये राखलेली लस तिच्या जागी आली.

बाहेरचा प्रवास असा सुटला, शरीरातला राहिला. शुद्ध प्रथिनाचा तुकडा किंवा एमआरएनए नुसता टोचला, तर पेशीपर्यंत पोचण्याआधीच त्याचा बराचसा भाग नष्ट होतो. त्याला वाहन हवे. मेदाचे काही रेणू पाण्यात आपोआप फुगे बनवतात, हे ॲलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात दाखवले. १९७४ मध्ये ग्रेगोरियाडिस आणि ॲलिसन यांनी अशा फुग्यांत घटसर्पाची लस भरली, तेव्हा उंदरांत प्रतिकार वाढलेला दिसला. शस्त्रक्रियेतले विरघळणारे टाके ज्या लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांपासून बनतात, त्यांचेच अतिसूक्ष्म कण आता विषाणूंविरुद्धच्या लशींसाठी अभ्यासले जात आहेत. ते लस हळूहळू सोडतात. उरलेल्या कणाचे शेवटी पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होते.

२०२० मध्ये करोनाच्या एमआरएनए लशी मेदकणांतूनच आल्या. २०२२ मध्ये पुण्याच्या जिनोव्हाने तयार केलेल्या एमआरएनए लशीला मान्यता मिळाली. ती २ ते ८ अंशांवर, म्हणजे साध्या फ्रीजमध्ये राहते.

देवीच्या लशीचा व्रण आयुष्यभर दंडावर राही. नवा वाहक आपले काम उरकून विरघळतो. दोनशे वर्षांत विज्ञानाने काय मिळवले, असे कोणी विचारले तर मी आधी एवढेच सांगेन : हे ओझे लेकरांच्या दंडावरून उतरले.