पहिल्या अंघोळीआधीचे 19 तास

सोलापूर–विजयपूर रस्त्यावरचं मंद्रूप. पुढचा घटनाक्रम इथल्या एखाद्या विशिष्ट घरचा नाही. छतावर सोलर वॉटर हीटर आणि घरात लहान मूल असलेल्या कुठल्याही घरात दिवाळीला घडू शकेल, असा तो आहे.

आदला दिवस, सकाळी 10
आभाळ निरभ्र. सोलरच्या काचेच्या नळ्या तापू लागल्या आहेत. घर पाहुण्यांनी भरलंय. "उद्या पहाटे सगळ्यांना पाणी पुरलं पाहिजे. आज गरम नळ कुणी सोडायचा नाही," आजी बजावते.

दुपारी 4
टाकीतलं तांब्याभरही पाणी वापरलेलं नाही, त्यामुळे नवं गार पाणीही आत आलेलं नाही. ठरावीक तापमानाला गिझरची वीज तुटते. उन्हाला तशी सोय नाही. पाणी 70 अंशांकडे चाललंय.

रात्री 10
टाकीला फोमचं जाड आवरण आहे. पहाटेपर्यंत पाणी थोडंच निवेल. गरम-गार पाणी मिसळून तापमान बेताचं ठेवणारा थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह न्हाणीच्या नळाआधी बसवता येतो. या घरात तो नाही.

पहाटे 4.30, नरक चतुर्दशी
रिकाम्या बादलीत गरम नळ सोडला. पाइपात रात्रभर निवलेलं पाणी आधी येतं. आई बोटं लावून पाहते, कोमटसुद्धा नाही. नळ तसाच ठेवून ती उटणं कालवायला आत जाते.

4.35
आता थेट टाकीतलं पाणी पडतंय. बादली काठोकाठ भरत आली आहे, पाणी 60 अंशांच्या घरात. विसण घातलेलं नाही. न्हाणीचं दार सताड उघडं.

4.38
तेल लावलेलं तीन वर्षांचं मूल पळत येतं. बादलीचा काठ धरून वाकतं. बादली कलंडते.

पुढचे 5 सेकंद
मॉरिट्झ आणि हेन्रिकेज यांनी 1947 साली अशा भाजण्याचं मोजमाप प्रसिद्ध केलं. 60 अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची त्वचा सुमारे 5 सेकंदांत खोलवर भाजते. 70 अंशांना जेमतेम एक सेकंद पुरतो. 50 अंशांना मात्र काही मिनिटं लागतात, म्हणजे हात मागे घ्यायला वेळ मिळतो. लहान मुलाची त्वचा पातळ, तिला याहून कमी वेळ पुरतो.

4.39 ते 5
भाजलेल्या भागावर साध्या गार नळाची धार 20 मिनिटं धरा. ओले कपडे, करदोटा, वाळे लगेच काढा. कातडीला चिकटलेलं कापड ओढू नका. बाकीचं अंग उबदार ठेवा. बर्फ, हळद, टूथपेस्ट, शाई यातलं काहीही लावू नका. फोड फोडू नका. स्वच्छ सुती कापड सैलसर टाका आणि 108 ला फोन करा. तोंड, हात, जांघ किंवा अंगाचा मोठा भाग भाजला असेल, तर घरगुती उपायांत एक मिनिटही घालवू नका.

या 19 तासांत हा अपघात टाळण्याच्या जागा अनेक होत्या. सगळ्यांत सोपी जागा बादलीपाशीच होती, आणि तिला पैसाही लागत नाही. आधी विसण, मग गरम पाणी. नळ चालू असेपर्यंत मोठ्या माणसाने तिथून हलायचं नाही. पाणी ढवळून कोपराने पाहायचं, आणि मगच मुलाला न्हाणीत घ्यायचं. न्हाणीच्या दाराला वरच्या बाजूला कडी आजच लावून घ्या.