‘ध’ चा ‘मा’ आणि डॉक्टरांचे श्रुतलेखन

१/१० ३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’ या हुकुमातील ‘ध’चा आनंदीबाईंनी ‘मा’ केला, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. तिचे खरेखोटे बाजूस ठेवले, तरी तिच्यातील भय खरे आहे. उच्चारलेला शब्द आणि लिहिलेला शब्द यांत एका अक्षराचे अंतर पडले, तर जीव जाऊ शकतो. आजच्या रुग्णालयांत हेच भय यंत्राच्या रूपाने उभे आहे. त्या यंत्राचा हा इतिहास.

२/१० १८७७ साली एडिसनने फोनोग्राफ सिद्ध केला. पुढच्याच वर्षी ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’मधील लेखात त्याने या यंत्राचे संभाव्य उपयोग मांडले. त्या यादीत पहिले स्थान पत्रलेखन व श्रुतलेखनाला होते. संगीत त्यानंतर आले.

३/१० मेणाच्या नळकांड्यांवर आवाज कोरणारी यंत्रे कचेऱ्यांत रुळली. १९०७ साली ‘डिक्टाफोन’ हे व्यापारी नाव नोंदले गेले. पुढे डॉक्टरही यंत्रापुढे बोलू लागले आणि दुसरीकडे कोणी कानाला नळ्या लावून ते टंकलिखित करू लागले. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी डॉक्टरांचे ध्वनिमुद्रण भारतात येऊ लागले. तिकडच्या रात्री इकडे दिवस असल्याने सकाळी अहवाल तयार मिळे.

४/१० या व्यवस्थेचे बळ होते जाणता कान. औषधाची मात्रा विचित्र वाटली, तर अनुभवी लेखनिक जागा मोकळी सोडून डॉक्टरांकडे विचारणा करी.

५/१० दरम्यान यंत्राला ऐकायला शिकवण्याचे प्रयत्न सुरूच होते. १९५२ साली बेल प्रयोगशाळेचे ‘ऑड्री’ केवळ अंक ओळखत असे. १९६२ मध्ये आयबीएमने दाखवलेल्या ‘शूबॉक्स’ला १६ शब्द कळत. १९९० साली ‘ड्रॅगनडिक्टेट’ बाजारात आले. किंमत सुमारे ९,००० डॉलर. अट एकच: प्रत्येक शब्दानंतर थांबायचे.

६/१० १९९६ मध्ये आयबीएमने क्ष-किरणतज्ज्ञांसाठी ‘मेडस्पीक’ आणले, १९९७ मध्ये ‘ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग’ आले आणि सलग बोलणे शक्य झाले. येथे जुनी सवय उलटी झाली. ही यंत्रे शेजारच्या शब्दांवरून संभाव्य शब्द ठरवतात. म्हणून तोडून बोलण्यापेक्षा पूर्ण वाक्य एका लयीत बोलणेच हितकर ठरले. जुन्या यंत्रावर शिकलेल्या हातांना, किंबहुना जिभांना, हे नव्याने शिकावे लागले.

७/१० धोकाही बदलला. माणसाची चूक बहुधा शुद्धलेखनात दिसते आणि डोळ्यांना खुपते. यंत्राचे शुद्धलेखन मात्र निर्दोष असते. ते चुकीच्या जागी अचूक शब्द ठेवते. ‘हायपोटेन्शन’ म्हणजे रक्तदाब कमी, ‘हायपरटेन्शन’ म्हणजे जास्त. दोन्ही शब्द शुद्ध, अर्थ परस्परविरुद्ध. ‘नो’ हा छोटा नकार गळाला, तर नसलेला आजार नोंदीत येतो.

८/१० २०१८ साली ‘जामा नेटवर्क ओपन’मध्ये २१७ वैद्यकीय नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. यंत्राच्या कच्च्या मसुद्यात दर १०० शब्दांमागे ७.४ चुका होत्या. व्यावसायिक लेखनिकांनी तपासल्यावर त्या ०.४ वर आल्या, तर डॉक्टरांच्या स्वाक्षरीनंतर ०.३ वर. चुका पकडल्या त्या माणसाच्या नजरेने.

९/१० या वाटचालीतूनच श्रुतलेखनाची शिस्त घडली. बोलण्यापूर्वी वाक्य मनात पूर्ण करावे. ध्वनिग्राहक तोंडापासून नेहमी सारख्याच अंतरावर असावा. यंत्र सुरू झाल्यावर क्षणभर थांबावे, नाहीतर पहिला शब्द तुटतो. विरामचिन्हे उच्चारावीत. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत गल्लत होते, म्हणून ‘वन फाइव्ह’ असे सुटे अंकही सांगावेत. औषधाचे नाव, मात्रा, डावे-उजवे आणि नकार हे स्वाक्षरीपूर्वी डोळ्यांनी पुन्हा वाचावेत.

१०/१० आख्यायिकेतील ‘ध’चा ‘मा’ हेतुपुरस्सर होता. यंत्राला हेतू नसतो, म्हणून त्याला जाबही विचारता येत नाही. जाणता कान मधून निघून गेला की त्याचे काम स्वाक्षरी करणाऱ्या डोळ्यांवर येते. हुकूम कोणीही लिहो, त्यावरचा शिक्का ज्याचा, जबाबदारीही त्याचीच.