नहरीच्या शहरातले न दिसणारे पाणी

छत्रपती संभाजीनगरचा इतिहास पाण्यापासून सुरू होतो, तोही जमिनीखालच्या. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि हर्सूलच्या बाजूने भूमिगत नहर आणून तिची तहान भागवली. या नहरीला जागोजागी वर उघडणारी तोंडे होती. आत माणूस उतरून पाहू शकत असे. मला ही सोय मूळ बांधकामाइतकीच मोलाची वाटते.

१९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. चिकलठाणा, मग वाळूज, नंतर करमाडच्या उंबरठ्यावरचे शेंद्रा. १९७६ मध्ये जायकवाडी झाले, शहराच्या नळाला गोदावरी आली. खेड्यांची भिस्त मात्र विहिरी आणि बोअरवरच राहिली. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ८८ औद्योगिक क्षेत्रे तपासून ४३ अतिप्रदूषित ठरवली. त्यांत आपण होतो, ७७.४४ गुणांनी.

सुखना नदीची घाण नाकाला कळते. मी ज्याच्या मागावर आहे ते कळत नाही. यंत्रांच्या सुट्या भागांवरचे तेल काढायला जगभर ट्रायक्लोरोएथिलीन वापरले गेले. हे द्रावक पाण्याच्या जवळपास दीडपट जड. सांडलेले काही उडून जाते. मुरलेले पाण्याच्या पातळीखालीही उतरत राहते. आपल्या काळ्या कातळासारख्या खडकात ते भेगांमध्ये अडकून वर्षानुवर्षे थोडेथोडे विरघळते. कोणती भेग कोणाच्या बोअरला जाते, हे वरून कोण सांगणार?

अमेरिकेतल्या वोबर्न गावात १९६४ आणि १९६७ पासून चालू असलेल्या दोन सार्वजनिक विहिरी १९७९ मध्ये बंद झाल्या. तपासणी झाली ती जवळ बेवारस पिंपे सापडली म्हणून. गल्लीतल्या मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचा हिशेब मात्र एका आईने त्याआधीच मांडायला घेतला होता.

२०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे द्रावक मानवी कर्करोगाचे कारण ठरवले. त्याच वर्षी सुधारलेल्या आपल्या १०५०० क्रमांकाच्या पेयजल मानकात त्याचे नावच नाही. मी करमाड परिसरातले विहिरींचे अहवाल जमवतो. कठीणपणा, क्षार, नायट्रेट, जिवाणू, आणि खाली शेरा: पिण्यास योग्य. द्रावकाचा प्रश्न विचारलेलाच नसतो, तर उत्तर कुठून येणार?

विचारायचा तर नमुना काचेच्या लहान बाटलीत काठोकाठ, हवेचा बुडबुडाही न ठेवता भरावा लागतो. नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत द्रावक उडून जाते. आपल्याकडे नमुना जातो तो बहुधा प्लास्टिकच्या कॅनमधून, वर चार बोटे जागा सोडून.