दोरी मुलांच्या हातात

शाळेत स्काऊटचा ‘कौशल्य दिवस’ ठरला की मैदानावर टेबलं मांडतात, प्रत्येक टेबलाशी एक शिक्षक उभा राहतो आणि मुलं रांगेनं येऊन पाहून जातात. गाठी, प्रथमोपचार, तंबू, होकायंत्र, सगळं दुपारपर्यंत उरकतं. वर्ध्याकडच्या शाळांत स्काऊट मास्तर म्हणून माझा जन्म गेला, म्हणून ठासून सांगतो: ही शिकवण जिथून निघाली तिथं टेबलं नव्हती.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पूल बंदराच्या खाडीत ब्राउन्सी नावाचं लहानसं बेट आहे. ऑगस्ट १९०७मध्ये बेडन-पॉवेल या लष्करी अधिकाऱ्यानं वीसेक मुलं तिथं नेली. काही ईटन, हॅरो अशा श्रीमंतांच्या शाळांतली, काही पूल आणि बोर्नमथच्या साध्या घरांतली. त्या काळच्या इंग्लंडात ही पोरं एका पंगतीला बसणंच नवलाचं. त्यांचे लांडगा, बैल, डोमकावळा आणि कर्ल्यू असे चार संघ केले. पहाटे आफ्रिकेतून आणलेलं कुडू हरणाचं शिंग वाजे. रात्री शेकोटीपाशी उद्याच्या विषयावरच्या गोष्टी, सकाळी प्रात्यक्षिक, दुपारी त्याच विषयाचा खेळ, असा क्रम होता. आळीपाळीनं एक संघ रात्री छावणीबाहेर राही आणि शिधा घेऊन स्वतः रांधून खाई. प्रत्येक संघाचा नायक मुलगाच, आणि संघाची जबाबदारी खरोखरच त्याच्यावर. माझ्या मते त्या आठवड्यातला मोठा शोध हाच. गाठी तर खलाशांना शेकडो वर्षं येत होत्या.

त्या गाठींमागची कारणं मात्र मुलांना हातानंच कळतात. रीफ नॉट सपाट बसते, म्हणून जखमेच्या पट्टीला तीच मारायची. टोचत नाही आणि सोडवायला सोपी. बोलाइन कमरेला बांधून ओढली तरी फास आवळत नाही, म्हणून विहिरीत पडलेल्याला वर काढायला ती हवी. आमच्याकडे विहिरी काही कमी नाहीत. गळ्यातला त्रिकोणी स्कार्फ मोडक्या हाताची झोळी होतो, दोन लाठ्या आणि दोन सदरे मिळाले की स्ट्रेचर तयार. गुरं असलेल्या घरातलं पोर क्लोव्ह हिच पाहताक्षणी मारून दाखवी, कारण बैल खुंट्याला बांधण्याची त्याला रोजची सवय. वर्गात मागच्या बाकावर बसणारं ते पोर मी संघातल्या बाकीच्यांना शिकवायला उभं करत असे.

हिंदुस्थानात १९०९मध्ये बंगळूरला पहिलं पथक निघालं, पण ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतं. आपल्या मुलांना दार बंद होतं. अंगमेहनतीची, शिस्तीची ही विद्या आपल्या पोरांना का नाही, या प्रश्नातून इथली चळवळ उभी राहिली. शहाजहानपूरला श्रीराम वाजपेयींनी स्वतःचं पथक काढलं. पुढं मद्रासला अ‍ॅनी बेझंट यांनी आणि अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू यांनी आपापल्या संस्था उभ्या केल्या. मालवीयांच्या संस्थेचं नावच सेवा समिती. शिकलेलं कौशल्य लोकांच्या उपयोगी पडलं पाहिजे, हा आग्रह त्या नावातच आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. १९२१मध्ये बेडन-पॉवेल येऊन गेले, बेझंटबाईंची संस्था सरकारमान्य बॉय स्काऊट संघटनेत मिसळली. सेवा समिती वेगळीच राहिली.

स्वातंत्र्यानंतरही दोन तंबू होतेच. ते एकत्र आणण्यात आमच्या नागपूरचा वाटा आहे, आणि तो नागपुरातही फारसा कुणाला ठाऊक नाही याचं मला वाईट वाटतं. नागपूर हायकोर्टाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस बॉय स्काऊट संघटनेचे राष्ट्रीय मुख्य आयुक्त होते. दुसऱ्या तंबूत कुंझरू. नेहरू आणि मौलाना आझाद यांनी मन घातलं आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ अस्तित्वात आली. गाईड मुली पुढच्या वर्षी, १५ ऑगस्टला सामील झाल्या.

१९५६मध्ये पचमढीला राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. तिथं मास्तरांनाही संघात राहावं लागतं. लंडनजवळच्या गिलवेल पार्कमध्ये १९१९पासून चालत आलेली ही रीत. मी गेलो तेव्हा आमचा संघनायक माझ्याहून पुष्कळ लहान शिक्षक होता. चूल पेटवायची पाळी, भांडी घासायची पाळी तोच लावी, आणि आम्ही केस पिकलेले लोक ती निमूट पाळत असू. असा वर्ग केलेल्या शिक्षकानं परत आल्यावर कौशल्य दिवशी टेबलामागं उभं राहू नये. दोरी, बांबू आणि स्टोव्ह संघनायकांच्या ताब्यात द्यावेत, सकाळी एकदा दाखवावं, आणि दुपारी प्रत्येक संघानं बांधलेल्या स्ट्रेचरवर स्वतः आडवं होऊन मैदानाला एक फेरी घ्यावी.