कंबरेत उसण भरते, म्हणजे नेमके काय होते?

रोहा शहरालगतच्या वरसे परिसरात जुलै महिना भातलावणीचा. पाय चिखलात, हातात रोपांची मूठ आणि कंबर तासन्‌तास वाकलेली. संध्याकाळी कंबर धरल्याची तक्रार या दिवसांत नवी नसते. शहरी वाचकाला हे चित्र दूरचे वाटेल. परंतु दिवसभर खुर्चीत पोक काढून बसणाऱ्याच्या कंबरेतही बरेचसे हेच घडत असते.

कंबरेच्या ५ मणक्यांना स्नायू आणि अस्थिबंध सावरून धरतात. पूर्ण वाकल्यावर पाठीचे स्नायू सैलावतात व भार मुख्यतः अस्थिबंधांवर येतो. बराच वेळ ताणलेले अस्थिबंध शिथिल होतात. पूर्ववत होण्यास त्यांना वेळ लागतो. म्हणूनच लावणीतून उठताच ओझे उचलणे किंवा लांबच्या प्रवासानंतर लगेच डिकीतून जड बॅग ओढणे धोक्याचे. झटका बसून स्नायूंचे तंतू ताणले जातात, क्वचित फाटतात. बचावासाठी आजूबाजूचे स्नायू आखडतात आणि चमक निघते. बोलीत यालाच उसण भरणे म्हणतात.

ही वेदना बहुधा कंबरेपुरती, फार तर नितंबापर्यंत असते. वाकताना, वळताना वाढते. सकाळी ताठरपणा जाणवतो. वेदना गुडघ्याखाली उतरली, मुंग्या आल्या, तर मज्जातंतू दाबला गेल्याची शंका घ्यावी.

उसण उतरवण्यासाठी पायाळू व्यक्तीचा पाय कंबरेला लावून घेण्याची आपल्याकडे जुनी प्रथा आहे. गुण येतोही, मात्र अशी बहुतेक दुखणी काही आठवड्यांत आपोआपच ओसरतात, हे लक्षात घेतले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० मध्ये जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि सुमारे ९० टक्के रुग्णांत तिच्यामागे विशिष्ट आजार आढळत नाही. स्नायूंची इजा एक्स-रेमध्ये दिसत नाही. त्यामुळे त्याचा आग्रह सहसा निरर्थक ठरतो. अंथरुणाला खिळून राहिल्याने बरे होणे लांबते. शेक घ्यावा, सोसेल तितके चालत राहावे. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात, कारण त्यांचा मूत्रपिंड व जठरावर दुष्परिणाम होऊ शकतो.

ताप, वजनातील घट, पूर्वीचा कर्करोग किंवा पडल्यानंतरची कंबरदुखी असल्यास तपासणी टाळू नये. लघवी अडणे, लघवी वा शौचावरील ताबा जाणे, जांघेभोवती बधिरता येणे किंवा पायातील शक्ती कमी होणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. विलंब झाल्यास हानी कायमची राहू शकते.