साडेचारशे रुपयांची नोकरी आणि लंडनमधला अपुरा प्रबंध

नोकरी लागल्यावर पुन्हा विद्यापीठाची पायरी चढावी का? दोन वर्षे नोकरी करून मी एम.ए.ला परतलो, तेव्हा हा प्रश्न मलाही छळत होता. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९१७ ते १९२० या वर्षांकडे माझे लक्ष वारंवार जाते. त्यांची कथा सांगताना आपण न्यूयॉर्कहून थेट लंडनच्या पदवीवर पोहोचतो. मधली वर्षे सुटून जातात. हा धागा त्या वर्षांविषयी.

कोलंबिया विद्यापीठातील अभ्यास आटोपून १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा तेवढी हाती होती. मागाहून जहाजाने येणारी त्यांची पुस्तके युद्धात समुद्राच्या तळाशी गेली.

करारानुसार ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. तिथे अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना अपमानित करून बाहेर काढण्यात आले. काही दिवसांतच ते मुंबईस परतले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनेहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले. पगार दरमहा ४५० रुपये, नोकरी सरकारी. परळच्या चाळीत राहणाऱ्या कुटुंबासाठी ही रक्कम लहान नव्हती. प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, असा आक्षेप काही सहकाऱ्यांनी घेतला, हेही त्याच नोकरीचे वास्तव.

मार्च १९२० मध्ये त्यांनी ही नोकरी सोडली.

या निर्णयाला आपण ‘ज्ञानपिपासा’ म्हणून मोकळे होतो. मला त्यात आधी हिशेब दिसतो. सोळा महिन्यांच्या पगारातील एक पैही खर्च केली नसती, तरी जमा झाले असते ७,२०० रुपये. आणि घर तर चालवायचेच होते. म्हणून साठवलेल्या पैशांना नवल भथेना या मित्राकडून घेतलेल्या ५,००० रुपयांच्या कर्जाची आणि शाहू महाराजांच्या साहाय्याची जोड द्यावी लागली.

पैशांपलीकडची किंमत मला अधिक महत्त्वाची वाटते. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाले होते. सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून त्यांना आपले नाव देता येत नव्हते. ते पद पांडुरंग भटकरांकडे होते. मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी जमलेल्या लोकांना ‘हे तुमचे पुढारी’ अशा अर्थाने त्यांची ओळख करून दिली. आणि जुलैमध्ये हा पुढारी बोटीत बसला! ‘मूकनायक’ १९२३ मध्ये बंद पडले. चार वर्षांची मुदत मात्र कोणत्याही चळवळीसाठी थांबणारी नव्हती.

लंडनमध्ये त्यांनी प्रबंधासाठी निवडलेला विषय होता रुपया. योगायोग असा, की १९२० मध्ये सरकारने रुपयाचा दर २ शिलिंग ठरविला, म्हणजे पौंडाला १० रुपये. १९२१ पर्यंत बाजारात तो १ शिलिंग ४ पेन्सांच्याही खाली घसरला, म्हणजे पौंडाला १५ रुपयांहून अधिक. वरचेच ७,२०० रुपये घ्या: पहिल्या दराने ७२० पौंड, दुसऱ्या दराने ४८० सुद्धा नाहीत. रुपयाच्या अस्थिरतेवर लिहिणारा हा विद्यार्थी त्या अस्थिरतेतच खानावळीचे पैसे मोजत होता. रुपयाची क्रयशक्ती स्थिर राहिली पाहिजे, या त्याच्या आग्रहाकडे मी तेव्हापासून निव्वळ सिद्धान्त म्हणून पाहू शकत नाही.

१९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२२ मध्ये बॅरिस्टरी झाली. डी.एस्सी.च्या प्रबंधात मात्र परीक्षकांनी दुरुस्त्या सुचविल्या. लंडनमध्ये आणखी राहण्याइतके पैसे नव्हते, म्हणून एप्रिल १९२३ मध्ये ते परतले आणि मुंबईत बसून फेरलेखन करून त्यांनी प्रबंध लंडनला धाडला. त्याच वर्षी पदवी मिळाली. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ ग्रंथरूपाने आले, तेव्हा प्रस्तावना त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी लिहिली आणि तीत आपले मतभेदही नोंदविले.

वकिलीची सनद घ्यायलाही बाबासाहेबांकडे पैसे नव्हते. तेही पुन्हा भथेनांनीच दिले.